थोरलीचा उशीर

गिटार घेऊन बसताना धाकटी नेहमी बाकाच्या उजव्या टोकाला बसायची. डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सुटायची. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मावशी, जरा मधे बसा, पडाल." ती मधे सरकली, गिटार मांडीवर घेतली, आणि पहिली तार छेडायच्या आत पुन्हा टोकाला जाऊन बसली. तिचं तिलाही ते कळलं नाही.

तिला धाकटी म्हणायचे ते बहिणीच्या हिशेबाने. बहीण थोरली. थोरली आता नव्हती, तरी ही धाकटीच राहिली. केस पिकले, चष्मा जाड झाला, नाव मात्र फ्रॉकच्या वयात अडकून पडलं. दोघींची लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत, असं विचारणारी माणसंही एकेक करून गेली, त्यामुळे तो विषय आपोआप मिटला.

गिटार घरात आली ती वडिलांमुळे. वडील बस चालवायचे. कुणी उतारू मागच्या सीटवर ती विसरून गेला आणि पुन्हा चौकशीलाही आला नाही. डेपोत बरेच दिवस ती कोपऱ्यात धूळ खात पडली. शेवटी साहेब वैतागले आणि वडिलांना म्हणाले, "घेऊन जा बाबा एकदाची, येता-जाता पायात येते." घरी आणल्या आणल्या दोघी बहिणींनी तिच्यावर झडप घातली. ओढाताणीत एक तार तुटली, एकीला ओरखडा आला, दुसरीने भोकाड पसरलं. तेव्हा वडिलांनी वाटणी केली. मान थोरलीची, पोट धाकटीचं.

ही वाटणी गमतीची होती, पण ती आयुष्यभर टिकली. बाकावर दोघी चिकटून बसायच्या. थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे, गिटार दोघींच्या मांड्यांवर आडवी. थोरलीचा डावा हात मानेवर तारा दाबायचा, धाकटीचा उजवा हात पोटावर त्याच तारा छेडायचा. थोरलीचा उजवा हात रिकामा असे, तो धाकटीच्या पाठीमागून येऊन तिच्या खांद्यावर पडलेला असायचा. धाकटीचा डावा हात मात्र बिनकामाचा. तो नुसता मांडीवर पडून ऐकायचा.

शिकवायला कुणी नव्हतं. वाद्यांच्या दुकानाच्या काचेत एक मोठा तक्ता लावलेला असायचा. त्यावर हाताची चित्रं होती, कुठली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुळणी, कशी धरायची ते दाखवणारी. थोरली शाळेतून येताना काचेला नाक लावून एकेक चित्र पाठ करायची आणि घरी येऊन हात तसा ठेवायची. सगळ्यात अवघड होत्या त्या बार कॉर्ड, ज्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर पट्टीसारखं आडवं दाबून धरायचं आणि उरलेल्या बोटांनी पुढच्या घरांतल्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या रेघांमधल्या, तारा पकडायच्या. थोरलीने त्याही बसवल्या. पण तक्त्यातल्या चित्रांत हात कुठे ठेवायचा एवढंच होतं, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जायचं कसं, ते नव्हतं. म्हणून कॉर्ड बदलताना थोरली सगळा हात उचलायची, हवेत धरायची, बोटांची पुन्हा जुळणी करायची आणि मग खाली ठेवायची. ठेवता ठेवता म्हणायची, "थांब गं जरा."

आणि धाकटी थांबायची.

वडील कामावरून परतताना गल्लीच्या तोंडापासून शिट्टीवर एक चाल वाजवत येत. चहाचं आधण ठेवा, असा त्याचा अर्थ. तीच चाल दोघींनी गिटारवर बसवली होती. दुसरं फारसं काही त्यांना येतही नव्हतं. चालीच्या मध्यावर दोन बार कॉर्ड लागोपाठ येत, एफ शार्प मायनर आणि बी मायनर. तिथे थोरलीला हमखास उशीर व्हायचा. पुढे तिने तोंडाने थांब म्हणणं सोडलं, पण धाकटीचा उजवा हात थांबतच राहिला. वडील गेले, शिट्टी गेली, चाल राहिली, आणि चालीच्या मधली ती खळगी राहिली. त्यात थोरलीच्या बोटांचा तारांवर घसरल्याचा 'च्यूं' असा बारीक आवाज यायचा, आणि मग सूर.

मग थोरली गेली. छातीच्या दुखण्याने, फार दिवस न काढता. आईने शोक केला तो गप्प राहून. आईच्या डोळ्यांत आता उजेड-अंधार ओळखण्यापुरतीच नजर उरली होती, कान मात्र शाबूत होते. ती आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसू लागली. जेवायला टेबलाशी येईना. तिच्यासमोर ठेवलेल्या चहावर साय धरायची.

धाकटी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. तळघरात, जिथे धुतलेल्या चादरी तापलेल्या रुळांमधून इस्त्री होऊन बाहेर पडतात, तिथे. चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोन-दोन टोकं धरतात, ताण देतात, एकमेकींकडे चालत येतात आणि टोकाला टोक भिडवतात. धाकटीच्या समोर असायची ती तिची जोडीदारीण. बाई एवढी उंच की सगळी लाँड्री तिला शिडी म्हणायची, आणि ती ओ द्यायची.

एक दिवस शिडी चादर धरून थबकली. "अगं, घडी घालतेस का चादर वाजवतेस?"

धाकटीने पाहिलं. तिचा उजवा अंगठा चादरीच्या काठावर वरखाली चालला होता.

"सवय आहे," ती म्हणाली.

"सवय हाताला आहे ना, मग त्याला काम दे. इथे हॉटेलातल्यासारखं संगीत नको मला, आधीच डोकं उठलंय."

"एका हाताने काय वाजवू? दुसरा हात थोरलीचा होता."

चादरीची टोकं भिडवताना शिडीने धाकटीचा डावा हात धरला आणि उलटसुलट करून बघितला. "हा काय भाड्याने आणलाय? शिकव की याला."

अशी शिकवणी सुरू झाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. सर वयाने भाच्यासारखे. ते तिला मावशी म्हणायचे, ती त्यांना सर. धाकटीचं मागणं साधं होतं. तिला बाकी काही शिकायचं नव्हतं. वडिलांची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या दोन हातांनी, एकदा तरी वाजवायची होती. ती चाल जगात आता दोनच माणसांना ठाऊक होती, त्यातलं एक भिंतीकडे तोंड करून बसलेलं.

सर तिचा उजवा हात बघून चाट पडले. "मावशी, हा हात माझ्यापेक्षा जुना खेळाडू आहे." डावा हात बघून मात्र त्यांनी डोकं खाजवलं. तो हात काठीसारखा. पहिलं बोट आडवं ठेवलं की दोन तारा बोलायच्या, दोन खरखरायच्या, उरलेल्या मुक्या. सर सांगायचे, बोट सपाट नको, जरा कडेवर कलतं ठेवा, तिथे हाड असतं. अंगठा मानेच्या मागे, मधोमध. जोर बोटांचा नको, कोपराचं वजन खाली सोडा. ती सगळं करायची आणि तार 'ठक्' म्हणायची.

त्यात लाँड्रीची वाफ. गिटारवाल्यांच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, मग दुखत नाही. धाकटीच्या बोटांना घट्टा धरायचा आणि वाफेने भिजून सालीसारखा निघून यायचा. खालून पुन्हा कोवळी कातडी. शेवटी ती डाव्या हातात रबरी मोजा घालून काम करू लागली. शिडी म्हणायची, "या, एका हाताच्या राणीसाहेब, टोक धरा."

घरी पहिल्यांदा चाल काढली तेव्हा संध्याकाळ होती. पुढच्या खोलीतला बाक, ती उजव्या टोकाला. कॉर्ड निम्म्या मुक्या, निम्म्या फाटक्या. ओढतखेचत ती मध्यावर आली, एफ शार्प मायनर कसाबसा दाबला, आणि उजवा हात थांबला. तिने थांबवला नाही, तो आपणहून थांबला. त्या खळगीत कुठेतरी 'च्यूं' झालं. मग तिने बी मायनर धरला आणि पुढे गेली.

आतल्या खोलीत पलंग करकरला. भिंत चाचपत आई दारात येऊन उभी राहिली.

"थोरली आली वाटतं," आई म्हणाली.

धाकटी दाराकडे वळली. "आई, अगं मी आहे. मी एकटीच आहे."

"ते मला ठाऊक आहे. डोळे गेलेत, डोकं जागेवर आहे. थोरली गेली, मीच तिचे डोळे मिटले. पण आत्ता तिला उशीर झाला तो ऐकला मी. पुन्हा वाजव."

धाकटीने पुन्हा वाजवलं. आई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली. खळगी आली तशी तिने मान हलवली, जिना चढून येणाऱ्या माणसाची पावलं ओळखावीत तशी. त्या संध्याकाळी ती टेबलाशी येऊन जेवली. मीठ कमी आहे म्हणून धाकटीला बोललीही. धाकटीला इतकं बरं वाटलं की तिने मीठ आणायला उठताना डोळे पुसून घेतले.

मग रोजचंच झालं. धाकटी कामावरून आली, हातपाय धुतले, की आई तयार बसलेली असायची. बाकावर नाही, समोरच्या खुर्चीत. बाकावरची डावीकडची जागा दोघींपैकी कुणीच घेत नसे. धाकटी वाजवायची, खळगीपाशी उजवा हात थांबायचा, आई श्वास धरायची. कधी धाकटीला खांद्यावर वजन आल्यासारखं वाटायचं. ती वळून बघत नसे. वळून बघितलं तर खांदा हलका होईल, एवढं तिला समजत होतं.

शिकवणीत मात्र ही खळगी सरांच्या कानाला टोचली.

"मावशी, इथे का थांबता?"

"थांबते?"

"दर वेळी. डावा हात तयार असला तरी थांबता." त्यांनी फोनवर तिचं वाजवणं टिपून घेतलं आणि तिला ऐकवलं. धाकटीने आपली चाल प्रथमच बाहेरून ऐकली. एफ शार्प मायनर, मग खळगी, खळगीत 'च्यूं', पाठोपाठ पुन्हा एक 'च्यूं', मग बी मायनर.

"दोनदा आवाज आला," ती म्हणाली.

"बोट दोनदा घसरलं असेल."

"मी एकदाच हलवलं."

सरांनी पुन्हा लावून बघितलं, खांदे उडवले. "तारा जुन्या झाल्यात, आपोआपही किरकिरतात. बदलून टाकू." मग त्यांनी तिचा डावा हात आपल्या हाताने मानेवर बसवला. "आता नीट बघा. या दोन्ही कॉर्डना पहिलं बोट एकाच घरात आहे. मग ते उचलायचं कशाला? ते तसंच आडवं राहू दे. घरातल्या थोरल्या माणसासारखं, जागचं हलायचं नाही. बाकीच्यांनी त्याच्याभोवती जागा बदलायच्या, बस्स."

धाकटी त्या बोटाकडे बघत राहिली. एवढंच होतं. काचेतल्या तक्त्यात एवढंच नव्हतं, आणि त्यापायी थोरली जन्मभर सगळा हात उचलत राहिली. धाकटीला वाटलं, घरी पळत जावं आणि हे सांगावं. कुणाला सांगावं, ते मग आठवलं.

तिने मेहनत घेतली. जुन्या तारा मात्र बदलू दिल्या नाहीत. लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत ट्रॉलीच्या दांड्यावर पहिलं बोट दाबून ती बाकीची बोटं नाचवायची. शिडी समोर बसून डबा खात म्हणायची, "दांडा सूर देत असला तर सांग गं, माझीही पाठ दुखतेय, तेवढंच मनाला बरं." हळूहळू तारा बोलू लागल्या. आधी पाच, मग सगळ्या.

आणि एका संध्याकाळी, सरांच्या खोलीत, चाल सरळ गेली. खालच्या दुकानात सायकलचं चाक फिरत होतं, त्याच्या टक टक टक या ठेक्यावर ती वाजवत होती. मध्य आला, पहिलं बोट जागचं हललं नाही, बाकीची बोटं उतरली, आणि बी मायनर सगळ्या तारांनिशी, वेळेवर, भरून वाजला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिच्या दोन हातांनी.

"जमलं गं!" धाकटी डावीकडे वळून म्हणाली.

तिथे बाकाची मोकळी फळी होती. सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं, पण तसं दाखवलं नाही.

घरी आई खुर्चीत वाटच बघत होती. धाकटीने वाजवलं. चाल स्वच्छ आली, वडिलांच्या शिट्टीसारखी, गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत कुठे न अडखळता. ती आईच्या तोंडाकडे बघत होती. मध्य आला आणि गेला. आईचा धरलेला श्वास तसाच राहिला.

"चांगलं वाजवलंस," आई म्हणाली. "त्यांचीच चाल." मग जरा वेळाने म्हणाली, "आज ती नाही आली."

"आई..."

"तुझा दोष नाही. चांगलं झालं, शिकलीस." खुर्चीचे हात चाचपत ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. पलंग करकरला. धाकटीला न बघताही कळलं की तोंड भिंतीकडे आहे.

दुसऱ्या दिवशी चहावर साय धरली. तिसऱ्या दिवशीही. धाकटी कामावर गेली, तिथे टोकं भिडेनात, घड्या तिरक्या पडू लागल्या. शिडीने विचारलं, "काय गं, जमलं ना तुला सगळं?"

"जमलं, तेच चुकलं," धाकटी म्हणाली. "तिला घालवलं मी."

संध्याकाळी तिने ठरवलं. आतल्या खोलीच्या दाराजवळ बाक ओढला, चाल सुरू केली, मध्यावर आली आणि थांबली. मोजूनमापून थांबली, थोरली जेवढी थांबवायची तेवढीच. पहिलं बोटही मुद्दाम उचललं. मग बी मायनर वाजवला.

आतून आईचा आवाज आला. "नक्कल करू नकोस."

धाकटीने तळहात तारांवर ठेवून सूर बंद केला.

"तू थांबलीस ते मला कळलं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा. "थांबणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं. ती कधी येईल ते तुला ठाऊक नसायचं. आता तुला सगळं ठाऊक आहे."

धाकटी बसून राहिली. हे खरंच होतं. उजव्या हाताने आजवर वाट बघितली होती, कारण दुसरा हात दुसऱ्या माणसाचा होता, आणि दुसऱ्या माणसाचा भरवसा कोण देणार. आता दोन्ही हात एकाच घरचे झाले होते. त्यांच्यात गुपित उरलं नव्हतं. तिला पहिल्यांदा वाटलं की थोरली त्या चालीच्या मधल्या खळगीत राहत होती, आणि ती खळगी आपण आपल्या हातांनी बुजवली.

बाहेर उजेड कमी होत होता, पण दिवा लावावासा वाटला नाही. पलंग पुन्हा करकरला. आई भिंत धरून दारात आली, बाक पायाने चाचपला, आणि बसली. डावीकडे. त्या मोकळ्या जागेवर.

"कसं धरतात ते दाखव," ती म्हणाली.

"तुला? अगं तुझी बोटं..."

"बोटं माझी आहेत, मी बघेन काय ते. कपडे पिळलेत, तुम्हाला न्हाऊ घातलंय या हातांनी. दाखव."

धाकटीने गिटार आईच्या मांडीकडे सरकवली. आईचा डावा हात धरून मानेवर ठेवला. त्या हाताची कातडी कागदासारखी झाली होती, सांधे मोठाले. पहिलं बोट दुसऱ्या घरात आडवं ठेवलं. "हे असं, कडेवर कलतं. अंगठा मागे. आणि आई, हे बोट उचलायचं नाही हं. बाकीची हलवायची." तिने दोन्ही कॉर्ड पुन्हा पुन्हा बोट धरून दाखवल्या. आईला तारांची नावं नको होती. ती नुसती बोटांना पत्ता सांगावा तशी पुटपुटत होती, इथून इथे, इथून इथे.

आईचा उजवा हात रिकामा होता. तो धाकटीच्या पाठीमागून आला आणि तिच्या खांद्यावर पडला.

"छेड," आई म्हणाली.

धाकटीने छेडलं. सूर कसला, एक तार कशीबशी बोलली, बाकीच्या 'ठक्' झाल्या. दोघी हसल्या. "तुझे वडील असते तर चहाचं आधण बंद केलं असतं," आई म्हणाली. "पुढे चल."

धाकटीने दुसरा ठोका घ्यायला अंगठा उचलला. आता बाकीच्या बोटांनी जागा बदलायची होती, पहिलं बोट तसंच ठेवायचं होतं, नुकतंच तर सांगितलं होतं. पण आईने सगळा हात उचलला. हवेत धरला. त्या संधिप्रकाशात, बोटं अर्धी मिटून, तो हात थोरलीने धरावा तसाच धरला, मनगट जरासं आत वळलेलं, करंगळी सुटलेली. आईने तो तक्ता कधी बघितला नव्हता. वाजवताना थोरलीचा हात बघायला आईला अलीकडे नजरच राहिली नव्हती, आणि त्याआधी ती नेहमी चुलीपाशी पाठमोरी असायची.

धाकटीचा अंगठा तारेवर येऊन थबकला. पुढे काय होणार, ते तिला ठाऊक नव्हतं. तारांवर 'च्यूं' झालं. आईचा हात अजून हवेतच होता.

"थांब गं जरा," तिच्या डावीकडून आवाज आला.

धाकटीने वळून बघितलं नाही. ती थांबली.